मिठाचा वाटा

५ जानेवारी, रविवार

आली! शेवटी आली!

कॅमेऱ्याच्या कार्डात आधी नुसती डुकरं. डुकरं, साळिंदर, परत डुकरं. मी म्हणणारच होते, की सांबरं दाखवायची सोडून आपण डुकरांचं अन्नछत्र काढलंय! आणि पुढचाच फोटो — सांबर. मादी. अंधारात डोळे नुसते पेटलेले. डावा कान मधोमध फाटलेला, आणि पोटाला चिकटून पाडस. एवढंसं! मोबाइल घेऊन घरभर नाचले. सासूबाई म्हणाल्या, "येडी झालीस व्हय? आम्ही काय सांबरं बघितली न्हाईत?" त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींनी बघितली असतील, पण या आपल्या मालकीच्या रानात, आपल्या हातचं खाताना नाही बघितली.

युक्ती सगळी यशवंतची. (नवऱ्याचं नाव इथं पानावरच घेते, तोंडानं 'अहो'.) आपल्या तीन खोल्यांत उतरणारे पाहुणे काळी नदीत बोटीत बसतात, भिजतात, आणि संध्याकाळी विचारतात, "जनावर कुठंय?" बेंगळूरचा एक पाहुणा जुना कॅमेरा देऊन गेला. झाडाला पट्ट्यानं बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो. मग यशवंतनं निळं ड्रम तीन खांबांवर चढवलं, बुडाला भोक पाडलं. जनावरानं थुतरीनं ढकललं की मका सांडतो. बाजूच्या सपाट दगडावर खडेमीठ.

घालायचं काम माझं. हे बरं आहे, डोकं त्याचं आणि टोपली माझ्या डोक्यावर.

९ जानेवारी, गुरुवार

परत तीच. तुटक्या कानाची. मका राहिला बाजूला, मीठच चाटत बसली होती. मलाही कैरी-मिठाचं तसंच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पाहुण्यांना तिळगूळ दिला आणि तुटक्या कानाचे फोटो दाखवले. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही तिला काही नाव नाही ठेवलंत?" नाव ठेवायला ती काय सून आहे? तुटक्या कानाची म्हणजे तुटक्या कानाचीच.

आज उन्हं कलताना टोपली घेऊन गेले तर ती तिथंच उभी! एवढ्या जवळ! मी थिजले. ती नाही थिजली. मान वर केली, माझ्याकडं — टोपलीकडं म्हणू — बघितलं, आणि चार पावलं मागं सरून थांबली. पळाली नाही. मी मीठ ठेवलं आणि उलट्या पावलानं परत आले. घरी येईपर्यंत डोळ्यांतून पाणी. कशाचं, देव जाणे.

आत्तींना सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "रानातल्या जनावरानं माणसाला भ्यायलाच पायजे, मंगल. भीती हाय म्हणून ते जितं हाय."

काहीतरी लागट बोलल्याशिवाय आत्तींचा दिवस जात नाही.

२६ जानेवारी, रविवार

गोव्याहून चौघे आलेत. मोठी गाडी, मोठे आवाज. फोटो बघून एकजण मला म्हणतो, "वैनी, हे नुसतंच दाखवता, की ताटातपण वाढता?" आणि सगळे हसले! मी म्हटलं, "ताटात डाळ हाय, वाढू?" यशवंत आत येऊन म्हणाला, "पाहुणे हाईत गं, चेष्टा करत्यात." चेष्टा! माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांची भाजी आज मुद्दाम अळणी केली.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

काल रात्री आवाज आला. एकच. मी उठून बसले. आत्तींच्या खोलीतून, "झोप, कुणीतरी डुकरं भ्यावतंय." यशवंत घरात नव्हता. रामनगरला गाडी बंद पडली, मेकॅनिक सकाळी येणार, असा त्याचा संध्याकाळीच फोन आला होता. एकटीच पडून राहिले, डोळे उघडे ठेवून.

सकाळी टोपली न घेताच धावले. मिठाचा दगड लाल. नुसता लाल नाही — मीठ रक्तात विरघळून गुलाबी चिखल झालेला. त्यावर माश्या. गवत घासटलेलं, ओढत नेल्याची वाट ओढ्याकडं. तिथं पाण्यात सगळं धुऊन गेलेलं.

माझ्या दगडावर! माझ्या मिठावर! आजवर या रानात कुणी बार काढला नाही असं नाही, पण दडून, दूर, डोंगरात. हे तर घरात शिरून पाटावर बसलेल्याला मारणं झालं.

ती नसेल. दुसरी कुठलीतरी असेल. सांबर काय एकच आहे का या रानात? ती नसेल.

दुपारी यशवंत आला. सगळं ऐकलं. खाली बसला, पाणी मागितलं.

रात्री जेवण जात नव्हतं. आत्तींनी तव्यावर काळीज परतलं होतं, मिरं घालून. "खा गं. तुझ्यासाठीच ठेवलंय. रविवार हाय, आन रिकाम्या पोटानं रडू नये." दोन घास घेतले. मग सगळंच खाल्लं. भूक निलाजरी असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कार्ड काढायचा धीर केला.

तुटक्या कानाची आहे. शनिवारच्या रात्रीची. पाडस मागं, तिचं तोंड दगडावर. दुसऱ्या फोटोत मान वर केलेली, उजवीकडं बघतेय. तिसऱ्यातही तसंच — उभी, शांत, कान पुढं. बस्स. त्यानंतर काळं. कॅमेऱ्यावर काहीतरी टाकलेलं, कापड असावं.

म्हणजे माणसाला कॅमेरा कुठं आहे ते माहीत होतं.

उजवीकडं काय आहे? उजवीकडं आपल्या घराची वाट. मी टोपली घेऊन त्याच वाटेनं जाते. ती पळाली नाही याचं कारण मला कळलं. तिला वाटलं मीच आले!

पण गोळी तिलाच लागली असं कुठं आहे? कापड टाकल्यावर ती गेली असेल, दुसरी आली असेल. असं होऊ शकतं. का नाही?

यशवंतला म्हटलं, चला, फॉरेस्टच्या ऑफिसात सांगू. फोटो दाखवू.

"काय दाखवशील? काळा फोटो?"

"निदान नोंद तरी होईल."

"आन ते पयला विचारतील, मीठ कुणी घातलं? मका कुणी घातला? जनावरांना असं घालायची परवानगी हाय का तुमाला? मग काय सांगशील? खोल्यांना कुलूप लागंल, मंगल. आन त्यातला एखादा शिकाऱ्याचाच माणूस निघाला तर? कुंपणच शेत खातंय हितं."

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण मला ते गिळवत नाही. परवानगीचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

१० फेब्रुवारी, सोमवार

पाडस आलंय. एकटं.

तीन रात्री एकटं. दगडाला तोंड लावतं, मग त्याच वाटेकडं बघत उभं राहतं. आईची सवय उचलली त्यानं.

आई जवळच असेल. सांबरं पाडसाला झुडपात ठेवून चरायला जातात, मी ऐकलंय. जखमी असेल, दडून बसली असेल. फाटका कान घेऊन इतकी वर्षं जगली, ती काय एका गोळीला मरते?

पण मीठ आता बंद. ड्रम रिकामं करून उपडं घातलं. दगडावर घागरीमागून घागरी पाणी ओतलं, वर बोरीच्या काटेरी फांद्या रचल्या. हात रक्तबंबाळ झाले. हे पोर इथं यायचं थांबलं पाहिजे. त्याला परत रानाला भ्यायला शिकवलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ड्रम उलटं होतं ते सुलटं! मक्यानं भरलेलं! काटे बाजूला!

मी ओरडतच घरी आले. यशवंत निवांत चहा पीत होता. "मीच भरलं. पुढच्या आठवड्यात पाहुणे हाईत. एकदा मेलं म्हणून काय धंदा मोडायचा? आन पाडसाची आई न्हाई तर त्याला कोण चारणार? तूच ना?"

हा बाण बरोबर लागला. पण तो म्हणाला 'आई न्हाई'. इतक्या खात्रीनं? मी तर अजून तसं म्हटलेलं नाही, या पानावरसुद्धा नाही.

त्याला वाटलं असेल. सगळ्यांनाच वाटतं. मलाच तेवढं वाटून घ्यायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परत रिकामं केलं. आता भरेल त्याची टोपली मी चुलीत घालीन, असं सांगून टाकलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. डोकं दुखतंय.

मीठ नाही, मका नाही, तरी पाडस येतं. माती खातं! दगडाभोवतीच्या मातीत मीठ मुरलंय, ती चाटून चाटून वीतभर खड्डा पाडलाय. मी पाणी ओतते, ते ओली माती खातं. आपण लावलेली सवय आपल्याला मोडता येत नाही, त्या मुक्या जिवाला कशी मोडणार?

यशवंत म्हणतो, "किती कुढशील? चार दिवस माहेरी जाऊन ये खानापूरला." महिन्यात तिसऱ्यांदा म्हणाला. लग्नाला अठरा वर्षं झाली, गणपतीला पाठवायचं तरी याच्या जिवावर येतं, आणि आता माझ्या माहेराचा एवढा पुळका! नाही जात. पाडसाला सोडून तर मुळीच नाही.

१४ मार्च, शुक्रवार. शिमगा

आज जे कळलं ते लिहिलं नाही तर मी फुटेन.

दारात शिमग्याचे खेळे येऊन गेले. नंतर बकऱ्याचं मटण आणलं होतं ते मी केलं. आत्ती जेवता जेवता सहज म्हणाल्या, "काळीज बरं हाय. पर त्या दिवसाच्या काळजाची सर न्हाई. रानचं ते रानचं."

"कुठल्या दिवसाच्या?"

"ते न्हवं का, तू रडत होतीस त्या रविवारचं."

माझा घास तोंडातच राहिला. खोदून खोदून विचारलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं! त्या पहाटे मागच्या दाराशी कुंभ्याच्या पानांत बांधलेले दोन पुडे होते. एकात काळीज, एकात मागची तंगडी. "झिलूनं पाठवले. आमच्या टायमालाबी असंच यायचं. ज्याच्या जमिनीत जनावर पडलं त्याला वाटा. रानातनं आलेला वाटा परत करायचा नसतो, रान रुसतं. तंगडी वाळवून ठेवली. काळीज तुझं होतं, तुला घातलं."

मी खाल्लं. मिरं घालून. सगळं खाल्लं. बोटं चाटली!

विहिरीवर जाऊन ओकायचा प्रयत्न केला. दीड महिन्यापूर्वीचं काय बाहेर येणार? नुसतं आंबट पाणी. तिनं माझं मीठ खाल्लं आणि मी तिचं काळीज. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथं खाणारीनं विश्वास ठेवला, आणि घालणारी जागी झाली ती आज.

यशवंत दारात उभा होता. "काय झालं?" म्हटलं, पित्त. का खोटं बोलले? ठाऊक नाही.

आणि आत्ती म्हणाल्या, "काळीज तुझं होतं." माझं? माझं का?

१५ मार्च, शनिवार

झिलूमामाकडं गेले. ओढ्यापलीकडचा म्हातारा कुणबी, आयुष्य रानात गेलेलं. एका डोळ्यात फूल पडलंय, दुसऱ्यानंही अंधूकच दिसतं. अंगणात सुपाऱ्या सोलत होता. रस्ताभर शिव्या पाठ करत गेले होते, त्या सगळ्या ओतल्या. खुनी म्हटलं, चोर म्हटलं. म्हातारा शेवटपर्यंत सुपारी सोलत राहिला.

"झालं बोलून? आता बस. या डोळ्यांनी मी मेरू मारीन?" सांबराला तो मेरू म्हणतो. "मी मारत न्हाई, पोरी. मी वाटे घालतो. माझा बाप घालायचा, आता मी. बार वाजला की माझ्या दारात जनावर येतंय. मी पानं मांडतो, वाटे करतो. कुणी मारलं ते इचारत न्हाई, कुणाचं नाव सांगत न्हाई. वाटा मातर चुकवत न्हाई. ईश्वराचं काम हाय ते."

"मग मला काळीज का?"

त्यानं हात थांबवला. त्याला खरंच नवल वाटलं होतं! "म्हंजे? तंगडी जमिनीची, ती तुझ्या सासूची. काळीज बोलावणाऱ्याचं. पूर्वी हाका घालणारा जनावर बंदुकीसमोर आणायचा, काळीज त्याचं. आता हाका कोण घालतंय? त्याला तूच आणलंस न्हवं? मीठ घालून. मला वाटलं तुला ठाव हाय सगळं."

म्हणजे हा म्हातारा — आणि वाटा घेणारं सगळं गाव — दीड महिना मला शिकारीतली भागीदार समजत होता! मी ओढ्यावर जायचे तेव्हा हसून बघणाऱ्या बायका! मला वाटायचं, पाहुण्यांचा धंदा बरा चाललाय म्हणून हसतात.

आणि तो खोटं तरी काय बोलला? बंदूक मी धरली नाही. बाकी सगळं मीच केलं. बोलावलं मी, भीती मोडली मी, रोजची वाट दाखवली मी.

शेवटी विचारलं, "कान फाटलेला होता का, मामा?"

त्यानं हातातली सुपारी खाली ठेवली. "मला दिसत न्हाई, पोरी. हाताला काय लागलं ते कशाला इचारतीस?"

"मुंडी कुणाला गेली?"

"मुंडी बंदुकीची. ज्यानं मारलं त्याची. ती माझ्याकडं नसते."

"त्यानं टाकली असेल कुठंतरी. दाखव, मी शोधते."

"टाकत न्हाईत! मुंडी टाकली तर बंदूक वांझ व्हते, परत जनावर पडत न्हाई. ती मारणाऱ्याच्याच घरात शिजायला पायजे, त्याच्याच चुलीवर. महिना लागू दे, दोन लागू देत. आजकाल काय, बर्फाच्या पेट्या आल्यात." आणि तो परत सुपाऱ्यांकडं वळला. "जा आता. ऊन झालं."

गावात कुणाकुणाकडं बर्फाची पेटी आहे ते आठवत आले. दुकानदार सुदेशकडं आहे. त्याच्या मेव्हण्याकडं बंदूक आहे, पिकाच्या राखणीची. सुदेशच असणार! कॅमेरा लावताना तो शिडी द्यायला आला होता. त्याला जागा माहीत होती!

१८ मार्च, मंगळवार

सुदेशच्या दुकानात साखर आणायला गेले आणि बोलत बोलत आत शिरले. पेटी उघडून बघितली. आइस्क्रीम आणि दूध. तो म्हणाला, "काय पायजे वैनी?" मी कुल्फी घेतली. लाज वाटली.

गोव्याचे तेच चौघे शनिवारी परत येतायत. यशवंत सकाळपासून खुशीत. मला म्हणाला, "तू शुक्रवारीच खानापूरला निघ. जेवणाचं मी आन आई बघू."

पाडस काल रात्रीही आलं होतं.

२० मार्च, गुरुवार

लाइनवर झाड पडलंय, कालपासून करंट नाही. यशवंत सकाळीच रामनगरला गेला. मागच्या खोलीत पाहुण्यांच्या माशासाठी आपलीही बर्फाची पेटी — तिला शिमग्याच्या आधीपासून कुलूप आहे, पाहुण्यांची पोरं उघडतात म्हणून. तिच्याखालून पाणी आलं होतं. लाल. मासा खराब होतोय म्हणून मी कोयत्याच्या पाठीनं कुलूप तोडलं.

बांगड्याच्या पिशव्यांखाली खताचं पोतं. पोत्यात मुंडी. डावा कान मधोमध फाटलेला.

आता मीच म्हणते — ती मेली.

कुलूप होतं तसं अडकवून ठेवलं. झाडावरचा कॅमेरा सोडून आणला आणि मागच्या खोलीत तांदळाच्या डब्याआड बांधला, पेटीकडं तोंड करून — मुंडी काढायला येईल त्याचा फोटो निघेल. फॉरेस्टच्या ऑफिसात मीठ माझं होतं तेही सांगेन, काळजाचंही सांगेन, खोल्यांना कुलूप लागलं तर लागो. एवढ्यात त्याचा फोन आला होता — "बाजारात हाय. खडेमिठाची गोणी घेऊ न्हवं?"

मी म्हटलं, घ्या.